वीतभर श्वास

पट्ट्याचे दोन भाग असतात. एक गळ्यात बसतो, दुसरा फासळ्यांवर. गळ्यातला हलका आहे. रंगभूषा करणारी बाई त्यावरून ठुशी चढवते आणि दुसऱ्या रांगेतून तो दिसत नाही. फासळ्यांवरचा मात्र रुंद आहे, आणि तो आवळला की मला दर वेळी एकच गोष्ट आठवते. लहानपणी आई मला परकर नेसवायची तेव्हा नाडी बांधताना म्हणायची, "पोट आत घे." मी घ्यायचे. गाठ बसली की म्हणायची, "आता सोड."

पट्टा बांधल्यावर 'आता सोड' असं कुणी म्हणत नाही. तिसरी घंटा होते, पडदा सरकतो आणि मी आईच्या आवाजात गाऊ लागते. आई जाऊन वर्ष होत आलं आहे.

आईचं नाव प्रमोदिनी हुपरीकर. 'तळातलं गाव' हा सिनेमा ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. पण अशी माणसं आता कमी होत चालली आहेत. गोष्ट साधी आहे. धरणात गाव बुडतं. त्या गावची रेणू लग्न होऊन लांब गेलेली असते. ती माहेरी परत येते तेव्हा गावाच्या जागी पाणी. ती होडीतून पाण्याच्या मधोमध जाते, अंदाजाने आपल्या घरावर थांबते आणि गाते, 'नदीबाई, तुझ्या तळाशी माझं दार उघडंच राहिलं.' मग उडी घेते. पडद्यावर रेणू दुसरी कुणी होती, आवाज आईचा होता. त्या ओळीला ताल नाही, मागे फक्त तंबोरा. 'नदीबाई'पासून 'राहिलं'पर्यंत सगळ्या आलापीसकट ती ओळ अर्ध्या मिनिटाच्या पुढे जाते, आणि आईने ती एका श्वासात गायली होती.

सिनेमागृहात लोक तिच्याबरोबर श्वास धरायचे. हे कुणी ठरवलं नव्हतं. कुठल्याशा गावी पहिल्या आठवड्यात सुरू झालं आणि पसरत गेलं. 'नदीबाई' म्हटलं की सगळं थेटर छाती भरून घ्यायचं, आणि ओळ संपली की एकदम सोडायचं. तो सुटलेल्या श्वासाचा आवाज गाण्याचाच भाग झाला होता. आमच्या शाळेत मुलं पैजा लावायची. बहुतेक जण 'माझं'पाशी फुटायचे.

आईने ते गाणं पुन्हा कुठेही गायलं नाही. कार्यक्रमात फर्माईश आली की ती हसून म्हणायची, "ते नदीला दिलं." लोकांना तो तोरा वाटायचा. बाबा त्या गाण्याचे ध्वनिमुद्रक होते. काचेच्या अलीकडे बसून त्यांनी ते टेपवर घेतलं होतं. मुलाखत घ्यायला कुणी आलं की तेच सांगायचे, "एका श्वासात. मी साक्षीदार आहे."

आता सिनेमा थेटरात जाऊन कुणी बघत नाही. घरी बसून यंत्राला सांगायचं: अमुक नट, तमुक गोष्ट, शेवट गोड. संध्याकाळपर्यंत सिनेमा तयार. प्रत्येकाला मनासारखा शेवट मिळू लागला तशी लोकांना शेवटांची गोडी राहिली नाही. उलट नाट्यगृहांबाहेर रांगा लागायला लागल्या. समोरचा माणूस खरा आहे, त्याला खरा घाम येतो, तो चुकू शकतो, एवढ्यासाठी लोक येत होते. मग सरकारने नियम केला की तिकीट लावलेल्या प्रयोगात आवाज जिवंत गळ्यातून, त्याच क्षणी निघालेला असला पाहिजे. निर्मात्यांनी जुने गाजलेले सिनेमे संगीत नाटक करून रंगमंचावर आणायचा सपाटा लावला. पण प्रेक्षकांचं एक विचित्र होतं. त्यांना माणूस जिवंत हवा होता आणि आवाज मात्र सिनेमातलाच हवा होता. या दोन हट्टांच्या मधल्या फटीतून कंठपट्टा जन्माला आला.

तो बनवणाऱ्या चमूत सबा मुजावर होती. मूळची मिरजेची, आमच्याच गावची. तिचे आजोबा तंबोरे बनवत. तिने मला पट्टा जसा समजावला तसाच सांगते. आवाज म्हणजे तीन गोष्टी: फुफ्फुसातून सुटणारी हवा, तिच्या वाटेत फडफडणारे स्वरतंतू, आणि ती फडफड ज्या पोकळीत घुमते त्या घशा-तोंडाचा आकार. तयार आवाज हाती असेल तर उलट गणित करत जाता येतं. कुठल्या क्षणी हवा किती दाबाने सुटली, तंतू किती ताणले होते, जीभ कुठे होती, श्वास कुठे घेतला, हे सगळं मुद्रणातून काढता येतं. त्याचा आलेख तयार होतो. पट्टा तो आलेख बारीक विजेच्या ठिणग्यांनी गाणाऱ्याच्या स्नायूंना देतो. गळा तुमचाच, हवाही तुमचीच, हलवणारा दुसरा. नियमाला बोट ठेवायला जागा नाही.

"पण पोकळी लागते तशीच," सबा म्हणाली होती. "आजोबा म्हणायचे, भोपळा चांगला मिळाला की अर्धा तंबोरा झाला. चारुताताई, राग मानू नका, तुम्ही माझा भोपळा आहात."

आईच्या शेवटच्या आजारात तिच्या मानेचे आणि छातीचे सगळे फोटो काढले होते. सबाने ते माझ्या फोटोंवर ठेवून दाखवले. टाळूचा घुमट तोच, स्वरयंत्राची ठेवण तीच. छातीचा पिंजरा माझा थोडा मोठाच. मी आईजवळ सतरा वर्षांची होईपर्यंत शिकले होते. पुढे पुस्तकांत रमले आणि प्रकाशकाकडे हस्तलिखितं तपासायच्या कामाला लागले. पण हाडं शिकवणी सोडत नाहीत असं दिसतं.

निर्माते अजिंक्य राजमाने घरी आले तेव्हा आई जाऊन चार महिने झाले होते. ते सगळ्यांनाच ताई किंवा काका म्हणत आणि बोलता बोलता समोरच्याच्या आधी स्वतःचा चहा संपवत. वारस म्हणून बाबांची संमती हवी होती. बाबांनी सही मला विचारायच्या आधीच केली होती, आणि स्वतः सांगून एक अट घालून घेतली होती: प्रमोदिनीच्या गाण्यात वारसाच्या परवानगीशिवाय काही घालायचं नाही, काही काढायचं नाही. एक श्वाससुद्धा.

"ती पुन्हा गाणार आहे," बाबा मला म्हणाले. "तू नाही म्हणणार आहेस का?"

मी नाही म्हटलं नाही. मला वाटतं, कुणीच म्हटलं नसतं.

पहिल्या तालमीत पट्टा सुरू झाला आणि माझ्या तोंडून आई निघाली. ती आठवणीतली किंवा माझी नक्कल नव्हती. आईच होती, तिशीतली, माझ्या जन्माआधीची. मागे वाद्यवृंदातला पेटीवाला उठून उभा राहिला. मी गात होते आणि मला ऐकूही येत होतं, आणि मधे माझं असं काहीच नव्हतं. गाणं संपलं, सबाने पट्टा बंद केला, आणि आई दुसऱ्यांदा गेली. पुढे रोज तालीम संपली की ती जायची. मग मी दुसऱ्या दिवशीच्या तालमीची वाट बघायला लागले. या कैदेला दाराची गरज नव्हती.

नऊ गाणी सहज झाली. 'नदीबाई' झालं नाही.

ती ओळ सुरू झाली की फासळ्यांवरचा पट्टा आवळत आवळत हवा काढून घेई. 'तुझ्या तळाशी'पर्यंत ठीक. 'माझं' म्हणताना छाती रिकामी झालेली असे आणि पुढे 'दार'चा सगळा आलाप बाकी. श्वास घ्यायला जावं तर पट्टा घेऊ देत नसे. त्याच्या आलेखात तिथे श्वासच नव्हता. डोळ्यांपुढे कडेने काळं येई. पहिल्या दिवशी मी 'राहिलं' म्हणायच्या आत खाली बसले.

सबाने आलेख पडद्यावर आणला. बाकीच्या ओळींत श्वासाच्या जागा स्पष्ट दिसत होत्या, छोट्या खाचा असाव्यात तशा. इथे सपाट.

"इथे थोडी फट पाडता येईल का?" मी विचारलं.

"मला येईल. काकांच्या अटीला येणार नाही." मग ती म्हणाली, "एक गंमत सांगू? यंत्राने आवाज वेगळा काढताना तंबोरा टाकून दिला, आपल्याला तो नको होता. मी मूळ गाणं ऐकलं. तंबोऱ्याची खर्जाची तार तिथे एकदा लवकर येते. आजोबा असते तर वाजवणाऱ्याचं काही खरं नव्हतं."

मला तेव्हा दम लागला होता. मी तंबोऱ्याकडे लक्ष दिलं नाही.

बाबांना विचारलं तर ते म्हणाले, सराव कर. तुझी आई रोज पहाटे ओंकार लावायची. मी लावला. सबाने आपल्या हट्टाने एक अंगठी मला दिली. ती दाबली की पट्टा मरतो. मात्र पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो आणि प्रयोग थांबतो. राजमाने म्हणाले, "ताई, ती फक्त लग्नाच्या अंगठीसारखी घाला. असते, वापरत नाही कुणी."

पहिला प्रयोग सांगलीला झाला. लोकांनी 'नदीबाई'ला श्वास धरला. मी हे ऐकून होते, पण समोर उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. भरलेलं नाट्यगृह एकदम निःशब्द होतं, पंखेसुद्धा ऐकू येतात, आणि त्या सगळ्यांच्या छातीत कोंडलेली हवा आपल्याकडे झुकली आहे असं वाटतं. मी 'राहिलं'पर्यंत पोचले. कशी ते माहीत नाही. सभागृहाने श्वास सोडला तेव्हा माझ्या चेहऱ्याला वारा लागला.

आणि मग मागून आवाज आला, "वन्स मोअर."

मराठी संगीत नाटकात वन्स मोअर नाकारायचा नसतो. राजाचा मृत्यू झालेला असला तरी तो उठून पुन्हा गातो, असे किस्से आई सांगायची. सिनेमात मात्र वन्स मोअर नाही. गाणं एकदाच घडतं. राजमान्यांनी सिनेमाचं नाटक केलं आणि ही जुनी चाल आपोआप परत आली. रेणू बुडायच्या आधी ती ओळ पुन्हा म्हणणार, हे पहिल्याच दिवशी ठरून गेलं. जाहिरातीत तसं छापलं: एका श्वासात, दोनदा.

त्या दिवशी मागून पहिला आवाज कुणाचा होता ते मी ओळखलं होतं. बाबा ध्वनिमुद्रकाच्या सवयीने पहिल्या रांगेत कधी बसत नसत; मागे, यंत्रांच्या शेजारी बसत. प्रत्येक प्रयोगाला येत. प्रत्येक प्रयोगाला पहिला वन्स मोअर त्यांचाच असे.

दौरा सुरू झाला आणि पट्टा हळूहळू पट्ट्याबाहेर पसरला. एकदा एका कादंबरीचं हस्तलिखित तपासताना लक्षात आलं की लांब वाक्य आलं की मी श्वास धरते आणि पूर्णविरामाला सोडते. लेखकाला लांब वाक्यांची हौस होती. तासाभरात मला गरगरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, घशाला काही नाही, शरीर सवयी उचलतं. आवाजही बदलत होता. रत्नागिरीच्या मावशीला फोन केला तर माझं 'हॅलो' ऐकून ती काही न बोलता रडत राहिली, आणि मग म्हणाली, तू नंतर कर, मेसेज कर हवं तर.

एका सकाळी मी स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा ठेवू का?" बाबा बाहेर पेपर वाचत होते. त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. तो चेहरा माझ्यासाठी नव्हता. मी दारात आले तसा तो चेहरा त्यांनी घडी घालून ठेवून दिला आणि म्हणाले, "ठेव. साखर कमी घाल."

त्याच दिवशी मी त्यांना विचारलं.

"बाबा, ती ओळ खरंच एका श्वासात होती?"

"काचेअलीकडे मी होतो. तू नव्हतीस."

"मला जमत नाही. रोज अंधारी येते."

"तिची छाती होती तशी तुझी नाही."

"सबा म्हणते माझी मोठी आहे."

"यंत्राला काय कळतंय," बाबा म्हणाले. ते यंत्र घरात आणायला त्यांनीच सही केली होती.

नळ चालू होता. मी तो बंद करायला गेले आणि हात तसाच राहिला. मला आईची पाठ आठवली. दुपारची भांडी झाली की ती नळ मोठा सोडायची आणि त्याच्या आवाजात काहीतरी म्हणायची. शब्द कळायचे नाहीत. फक्त खांदे वर चढताना दिसायचे, चढायचे, थांबायचे आणि मधेच पडायचे. मग ती नळ बंद करायची. एवढ्या वर्षांत ते खांदे शेवटपर्यंत गेलेले मी पाहिले नव्हते. तेव्हा वाटायचं, आई पाणी वाया घालवते.

मी बाहेर येऊन म्हटलं, "तिथे एक श्वास घालायला संमती द्या."

"नाही."

"मग मी थांबते. दुसरं कुणी शोधू दे त्यांना."

दुसरं कुणी नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. बाबांनी पेपरची घडी केली, पुन्हा उलगडली.

"थांब हवं तर," ते म्हणाले. "मी ऐकलंय तिला. भरपूर ऐकलंय." आणि पेपरकडे बघतच, "ती पुन्हा एकदा जाईल, एवढंच."

मी त्या आठवड्यात पट्टा बांधला. पुढच्याही.

मिरजेचा प्रयोग रविवारी दुपारी होता. आईचं वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं. राजमान्यांनी तो मुहूर्त बरोबर धरून बाबांचा सत्कार ठेवला होता. शाल, नारळ, आणि पहिल्या रांगेत मधली खुर्ची. बाबा कुरकुरले, पुढे बसलं की नुसती तबल्याची थाप ऐकू येते म्हणाले, पण गावच्या लोकांपुढे काही चालेना. खांद्यावर शाल तशीच ठेवून बसले.

'नदीबाई'ला रंगमंचावर निळा प्रकाश असतो, त्याचा उजेड पहिल्या रांगेवर पडतो. मी होडीत उभी राहिले. समोरच्या सगळ्या छात्या एकदम भरल्या. बाबांचीही भरली. मला गंमत वाटली. हा माणूसही लोकांसारखा श्वास धरतो. मागे बसत त्यामुळे कधी दिसलं नव्हतं. ओळ सुरू झाली. 'तुझ्या तळाशी' झालं. सगळी रांग दगडासारखी स्थिर होती. 'माझं' म्हणून माझी छाती रिकामी झाली, आणि बाबांचे खांदे हलले.

एकट्या बाबांचे. त्यांनी ओठ किंचित उघडले, श्वास घेतला आणि पुन्हा धरला.

मी कशीबशी 'राहिलं'ला पोचले. लोकांनी श्वास सोडला, टाळ्या झाल्या, आणि त्या दिवशी पहिल्या रांगेतून वन्स मोअर आला. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, ऐंशी उलटली, दम टिकत नसेल. पट्टा आवळू लागला. मी दुसऱ्यांदा सुरुवात केली आणि त्यांच्याशिवाय दुसरं काही पाहिलं नाही. खांदे पहिल्याइतकेच ताठ होते. 'नदीबाई'ला होते, 'तळाशी'ला होते. 'माझं'. पुन्हा तिथेच, त्याच जागी, केसभरही इकडेतिकडे नाही. दमलेला माणूस असा दोनदा एकाच जागी दमत नाही. जे आपल्याला पाठ असतं ते आपण असं करतो.

मी अंगठी दाबली.

पट्टा सैल पडला. हवा इतक्या जोरात आत आली की तिचा आवाज ध्वनिक्षेपकातून सगळ्या नाट्यगृहाला ऐकू गेला, उघडा, खरखरीत, नाटकात कुणी घेऊ नये असा. आणि पाठोपाठ दुसरा आवाज झाला, समोरून. सगळ्या सभागृहाने श्वास घेतला. त्यांनी माझ्याबरोबर धरला होता, माझ्याबरोबर सोडला आणि माझ्याबरोबर पुन्हा घेतला. त्यांना दुसरं काही करताच आलं नसतं. पुढचं 'दार उघडंच राहिलं' मी माझ्या आवाजात म्हटलं. तो जाड आहे, वरच्या पट्टीत थोडा फाटतो. आईने शिकवला होता तेवढाच आहे.

ओळ संपल्यावर टाळी वाजली नाही. वन्स मोअरही आला नाही. मागे कुणीतरी हळू आवाजात विचारलं, काय झालं, बाईंना बरं नाही का. पडदा पाडावा लागला. बाहेर राजमाने लोकांना तांत्रिक बिघाड समजावत असल्याचं ऐकू येत होतं.

बाबा रंगपटात आले तेव्हा शाल अजून खांद्यावर होती. मी ठुशी काढत होते. सबा माझ्या बोटाला लावलेली चिमटी बघत होती. प्राणवायू ठीक आहे म्हणाली आणि बाहेर जायला लागली. बाबांनी तिला थांबवलं.

"कसं कळलं तुला?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही घेतलात. दोन्ही वेळेला."

ते आरशासमोरच्या स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांना स्वतःचा आरशातला चेहरा चुकवता येईना, तेव्हा त्यांनी स्टूल वळवलं.

"तिनं तिथंच घेतला होता," ते म्हणाले.

मग सांगितलं. फार नाही, तुटक. सातवा महिना होता. पाय सुजले होते, उभं राहून गायची, बसून गायलेलं संगीतकारांना चालत नसे. बाकी सगळं गाणं सुंदर झालं, त्या ओळीत 'माझं'नंतर श्वास ऐकू आला. ती म्हणाली, पुन्हा घेऊ. वादकांची पाळी संपली होती, आणि तिच्याने उभं राहवत नव्हतं. बाबा म्हणाले, तू घरी जा. ताल नव्हता, नुसता तंबोरा होता, कापलेलं कळणार नव्हतं. त्यांनी ब्लेडने तेवढी टेप कापली आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडली. तिला त्रास नको, एवढाच विचार होता. त्या ओळीच्या वेळी संगीतकार निघून गेले होते; दुसऱ्या दिवशी त्यांनी ऐकलं आणि विचारलं, बाई, हे एका दमात? तिने बाबांकडे पाहिलं. बाबा काही बोलले नाहीत. म्हणून तीही बोलली नाही.

"नंतर सांगता आलं असतं," मी म्हटलं.

"नंतर थेटरात लोक श्वास धरायला लागले."

सबा भिंतीला टेकून उभी होती. "खर्जाची तार. म्हणून लवकर आली," ती स्वतःशीच म्हणाली.

"ती घरी म्हणायची ती ओळ," मी म्हटलं. "नळ सोडून."

"माहीत आहे. मी पेपर वाचत असायचो." बाबांनी शाल खांद्यावरून काढली आणि मांडीवर तिची घडी घालायला लागले. घडी जमत नव्हती. "पन्नास वर्षं मी ते गाणं ऐकतोय. लोकांना ती ओळ ऐकू येते. मला तेवढा कापलेला तुकडाच ऐकू येतो."

"कुठे आहे तो?"

"कुठे असणार? खाली पडला. सकाळी झाडणाऱ्या बाईने झाडून नेला."

राजमाने आत आले ते बोलतच. लोकांना पैसे परत द्यावे लागले नाहीत, एवढी खुशखबर त्यांनी आधी दिली. मग ताई, असं परत नको, म्हणाले. बाबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. राजमान्यांनी पहिल्यांदाच समोरचा चहा तसाच ठेवला.

"काका, हे इथेच राहू दे," ते म्हणाले. "आपल्या चौघांत. 'एका श्वासात' पोस्टरवर आहे. लोक त्यासाठी येतात. लोकांना काय सांगायचं?"

"सांगा, पोटात लेक होती. दोघींना एक श्वास पुरला नाही."

माझ्या फासळ्यांवरचा पट्टा अजून बांधलेलाच होता, सैल, मेलेला. तो मला चार दिवसांत पुन्हा आवळायचा होता. मंगळवारच्या श्राद्धानंतर कोल्हापूर होतं, त्यानंतर इचलकरंजी. आई पुन्हा येणार होती आणि पुन्हा जाणार होती, आणि मला ते हवंच होतं. त्यातून सुटका नव्हती, आणि मी ती मागितलीही नाही.

"काका, तुमची संमती आहे, असं मी धरू?" सबाने विचारलं. "श्वास परत घालायला?"

बाबांनी मान हलवली.

"पण माझ्याकडे त्याचं काहीच नाही. आवाज चारुताताईंचा घेईन, आजचा आहे माझ्याकडे. किती वेळाचा होता ते कळायला हवं. अर्धा सेकंद? कमी? जास्त झाला तर ओळ मोडेल."

"सेकंद मला माहीत नाहीत," बाबा म्हणाले. "टेप सेकंदाला पंधरा इंच पळायची. त्यावरून तुझं तू काढ."

त्यांनी मांडीवरची शाल बाजूला ठेवली आणि पावडरीचे डबे सरकवून आरशासमोरच्या फळीवर जागा केली. उजव्या हाताचा अंगठा फळीवर टेकवला आणि करंगळी ताणली. करंगळी थोडी मागे घेतली, डोळे मिटले, पुन्हा किंचित पुढे केली आणि थांबले.

"एवढा," ते म्हणाले.

सबा मोजपट्टी आणायला बाहेर गेली. शिलाईच्या पेटीत ती लवकर सापडत नव्हती. ती येईपर्यंत बाबांनी हात उचलला नाही.